ज्यांना स्पॅनिश येतेच त्यांना स्पॅनिश कशाला शिकवायची?

अमेरिकेत बऱ्याच हायस्कूलमधे स्पॅनिशचे दोन वेगळे वर्ग असतात, एक नव्याने शिकणाऱ्यांचा आणि दुसरा ज्यांच्या घरीच स्पॅनिश बोलतात त्या पोरांचा, म्हणजे हेरिटेज स्पीकर्सचा. हा दुसरा वर्ग सहज नाही मिळालेला.

१८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहात मेक्सिकोचा कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिकोचा मुलूख अमेरिकेकडे गेला, माणसं होती तिथंच राहिली, सरहद्द तेवढी सरकली. पुढं १९१८ ला टेक्ससनं कायदा केला की शाळेत इंग्रजीतच शिकवायचं, नाहीतर शिक्षकावर गुन्हा. पोरं मैदानात जरी स्पॅनिश बोलली तरी मार खायची. आणि गंमत बघा, त्याच सुमारास पहिल्या महायुद्धामुळं जर्मन भाषा बदनाम झाली म्हणून हायस्कूलात परकी भाषा म्हणून स्पॅनिशला गर्दी वाढली. म्हणजे गोऱ्या पोरानं शिकली तर मार्क आणि घरून आणली तर छडी!

१९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून शिकलेली कुटुंबं मायामीत आली, त्यांच्या मुलांसाठी तिथं साठच्या दशकात वेगळे वर्ग निघाले. १९६८ च्या जानेवारीत द्विभाषिक शिक्षणाचा कायदा आला आणि मार्चमधे ईस्ट लॉस एंजेलिसची हजारो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली, त्यांच्या मागण्यांत स्पॅनिश बोलल्याची शिक्षा बंद करा हेही होतं.

पण वर्ग मिळाला तरी सुरवातीला रोख दुरुस्तीवरच. इंग्रजी 'ट्रक', 'लंच'वरून घरी रुळलेले 'त्रोका', 'लोंचे' असे शब्द वापरले की लाल रेघ, आपल्याकडे 'पानी' म्हणणाऱ्याला हसतात ना, अगदी तसंच. ग्वादालुपे वाल्देस यांच्यासारख्या अभ्यासकांनी मग लावून धरलं की घरची बोली पुसायची नाही, तिच्यावर लिहायची-वाचायची भाषा चढवायची. कारण अडतं ते लिहिण्यात. 'पापा' शब्दात शेवटच्या अक्षरावर आघाताचं चिन्ह दिलं तर बाबा, विसरलं तर बटाटा, मग 'माझा बटाटा रात्रपाळीला जातो' असं वाक्य वहीत सापडतं.

तरी आजही जिथं अशी पोरं थोडी तिथं त्यांना नवशिक्यांतच बसवतात, उच्चार ऐकवायला बाई त्यांनाच उभं करतात आणि परीक्षेत चिन्हांपायी त्यांचेच मार्क जातात.