बोट हललं की रवा कळतो

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ‘सेन्सरी किट’ची जाहिरात फिरते आहे. रंगवलेले तांदूळ, रंगीत वाळू, मऊ मळलेला गोळा, दोन-चार लाकडी चमचे आणि एक ट्रे. किंमत दीड-दोन हजारांच्या घरात. सोबत मजकूर असा, की पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या होतात, ही संधी हुकली तर ती परत येत नाही, म्हणून आजच मागवा. हा मजकूर वाचून धास्तावलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात रवा होता, पोहे होते, कणीक होती, बादलीत पाणी होतं, आणि तरी आपलं मूल कशाला तरी मुकतंय असं त्यांना वाटत होतं.

मुलांनी हातांनी खेळावं, खूप खेळावं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या खेळातलं मोल रंगवलेल्या तांदळात नाही, हलणाऱ्या बोटात आहे.

एक प्रयोग आधी स्वतः करून बघा. दोन ताटल्या घ्या, एकीत मैदा, दुसरीत बारीक रवा. डोळे मिटा आणि तर्जनीचं टोक मैद्यावर नुसतं टेकवा. दाबू नका, फिरवू नका. मग तसंच रव्यावर टेकवा. फरक कळतो, पण पुसटसा. आता बोट हलकेच पुढे-मागे फिरवा. क्षणात दोन वेगळ्या वस्तू हाताखाली येतात, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत. रव्याऐवजी तांदळाची पिठी घेतलीत, म्हणजे दोन्ही बारीक पिठंच शेजारी ठेवलीत, तर स्थिर बोटाला फरक सांगणं आणखी अवघड जातं. फिरत्या बोटाला ते जमतं. असं का होतं, हा स्पर्शविज्ञानातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी 1925 मध्ये याचं उत्तर सुचवलं: पोत ओळखण्यासाठी त्वचेकडे एक नव्हे, दोन पद्धती असल्या पाहिजेत. जाडाभरडा पोत आकारावरून कळतो. म्हणजे कण त्वचेवर जिथे टोचतात त्या जागांचा नकाशा मेंदूला मिळतो. बारीक पोत मात्र नकाशात मावत नाही, तो थरथरीवरून कळतो, आणि थरथर निर्माण व्हायला बोट हलावं लागतं. ही कल्पना बरीच वर्षं बाजूला पडून होती. पुढे अमेरिकेत मार्क हॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा काट्झ यांचं म्हणणं खरं निघालं. साधारण 0.2 मिलिमीटरपेक्षा मोठे कण स्थिर बोटालाही ओळखू येतात, त्याहून बारीक कणांसाठी हालचाल लागते. आपला रवा या सीमेच्या वरच्या बाजूला बसतो, मैदा खालच्या बाजूला. वाण्याच्या दुकानातल्या दोन पुड्या म्हणजे स्पर्शाच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ डब्यांत बोटं घालत बसले होते.

आता त्वचेच्या आत शिरू. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला, एका हातात, स्पर्श टिपणारे सुमारे 17 हजार चेतातंतू असतात. हा आकडा स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन आणि ओके वाल्बो यांनी 1979 मध्ये मांडला. हे तंतू चार प्रकारचे. मर्केल पेशींशी जोडलेले तंतू स्थिर दाब आणि कडा टिपतात, नकाशा काढण्याचं काम त्यांचं. माइसनरच्या कणिका हलकी फडफड आणि वस्तू हातातून निसटू लागल्याची चाहूल देतात. रुफिनीचे तंतू त्वचा ताणली गेल्याचं सांगतात. चौथ्या, पचिनीच्या कणिका वेगवान थरथर टिपतात, आणि माझा जीव त्यांच्यावर आहे.

फिलिप्पो पचिनी इटलीत वैद्यकाचं शिक्षण घेत असतानाच, 1830 च्या दशकात, त्यांना शवविच्छेदनात हाताच्या नसांना चिकटलेले बारीक पांढरे दाणे दिसले. एकेक दाणा जवळपास मिलिमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. तो मधोमध कापला तर कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात, एकावर एक, कितीतरी, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये द्रव. अगदी गाभ्यात चेतातंतूचं उघडं टोक.

इतकी वेष्टणं कशाला? बोट एखाद्या वस्तूवर सावकाश दाबलं, तर पाकळ्यांमधल्या द्रवाला सरकायला सवड मिळते. दाब बाजूला वाटला जातो, गाभ्यापर्यंत पोचतच नाही, आणि तंतू गप्प राहतो. पण तोच दाब सेकंदाला दोनशे वेळा आला आणि गेला, तर द्रवाला सरकायला वेळच मिळत नाही. प्रत्येक हेलकावा सरळ आत जातो आणि तंतू दर हेलकाव्याला एक ठोका पाठवतो. थोडक्यात, पाकळ्या ही गाळणी आहे. संथ ते बाहेर, जलद ते आत. 1960 च्या दशकात वर्नर लोवेनस्टाइन यांनी मांजराच्या आतड्यांजवळच्या पडद्यातल्या कणिका घेऊन त्यांच्या पाकळ्या काढून टाकल्या आणि गाभ्यातल्या टोकावर थेट दाब दिला. पाकळ्या असताना हे टोक दाब सुरू होताना आणि सुटताना क्षणभरच जागं होत असे. सोलल्यावर मात्र दाब असेपर्यंत ते प्रतिसाद देत राहिलं. एवढ्या बारीक दाण्यावर हात चालवणाऱ्या त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

ही गाळणी सर्वांत तल्लख असते ती सेकंदाला 200 ते 300 कंपनांच्या आसपास. त्या पट्ट्यात सुमारे 10 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग, एवढी हालचालही पचिनी कणिका टिपू शकते. हिशेब करून बघा. समजा खडबडीत पृष्ठभागावर दर 0.2 मिलिमीटरला एक उंचवटा आहे आणि तुमचं बोट त्यावरून सेकंदाला 5 सेंटिमीटर, म्हणजे 50 मिलिमीटर वेगानं जातंय. 50 भागिले 0.2, उत्तर 250. नेमका पचिनीचा आवडता पट्टा. कापड चाचपताना हात साधारण याच वेगानं, थोडा जास्तच, फिरतो. बोटावरच्या ठशांच्या रेघाही यात भर घालतात. 2009 मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी रेघा असलेलं आणि नसलेलं कृत्रिम बोट बनवून दाखवलं, की सुमारे अर्ध्या मिलिमीटर अंतरावरच्या रेघा थरथरीतला ठरावीक भाग वाढवून देतात. चाचपणाऱ्या बोटाचा नेहमीचा वेग त्यांनी धरला सेकंदाला 10 ते 15 सेंटिमीटर. अर्ध्या मिलिमीटरनं भागा, पुन्हा 200 ते 300.

गंमत पुढे आहे. बोटाचा वेग दुप्पट केला की कंपनंही दुप्पट होतात, तरी रवा आपल्याला रवाच लागतो, त्याचा मैदा होत नाही. मेंदू बोटाचा वेग हिशेबात धरतो. आपण किती जोरात फिरवतोय हे त्याला ठाऊक असतं, कारण फिरवण्याचा हुकूम त्याचाच असतो. स्नायू आणि सांध्यांकडूनही त्याला खबर मिळत असते.

ही खबर आणि त्वचेची थरथर, दोन्ही एका प्रथिनावर अवलंबून आहेत, हे आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. पीझो-2 नावाचं हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक दार. त्याला ताण बसला की ते उघडतं, आत विद्युतभारित कण शिरतात आणि चेतासंदेश सुरू होतो. 2021 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं. पीझो-2 जन्मतःच निकामी असलेले दोन रुग्ण 2016 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी तपासले. त्यांना त्वचेवरची थरथर जाणवत नव्हती आणि डोळे बांधल्यावर चालताना तोल राहत नव्हता.

तर मग परातीत रवा घेऊन बसलेलं मूल काय करत असतं? माझा भाचा तीन वर्षांचा असताना मी जवळून पाहिलंय. आधी सगळा पंजा आत खुपसला, मग मूठ वळून रवा बोटांच्या फटींतून सोडला. मग तर्जनीनं परातीच्या कडेला रेघ ओढली, थांबला, परत त्याच रेघेवरून गेला, आता सावकाश. मधेच “मावशी, इथे टोचतंय” म्हणाला. तिथे जिऱ्याचा एक दाणा होता. हात बदलतो, वेग बदलतो, दाब बदलतो, आणि दर बदलाबरोबर काय जाणवतं याची जुळवणी चालू असते. सुसन लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्स्की यांनी 1987 मध्ये प्रौढांच्या हातांचं चित्रीकरण करून दाखवलं, की पोत हवा असला की आपण बोट घासतो, कठीणपणा हवा असला की दाबतो, वजन हवं असलं की वस्तू उचलून हेलकावतो, आकार हवा असला की मुठीत घेतो किंवा कडेनं बोट फिरवतो. जेम्स गिब्सन यांनी 1962 मध्ये बिस्किटं कापायचे साचे लोकांच्या तळहातावर न दाखवता दाबले, तेव्हा निम्मेही आकार ओळखता आले नाहीत. तेच साचे स्वतःच्या बोटांनी चाचपू दिल्यावर 95 टक्के ओळखले. म्हणूनच मुलाचा हात धरून “हे बघ, खरखरीत” असं आपण फिरवत राहिलो, तर खेळातला मोठा भाग आपणच काढून घेतो.

लहान बोटांचा एक फायदाही असतो. बोटाचं टोक जितकं लहान तितका बारीक तपशील त्याला जास्त उलगडतो, असं 2009 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं. बहुधा तेवढ्याच तंतूंना कमी जागा वाटून घ्यावी लागते म्हणून. माइसनरच्या कणिका तर वयाबरोबर विरळ होत जातात.

आता त्या ‘संधी हुकते’ वाल्या भीतीबद्दल. तिचा उगम बऱ्याच अंशी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत आहे. खेळणी, शिड्या आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचं बाह्यपटल, रिकाम्या पिंजऱ्यात एकट्या वाढलेल्या उंदरांपेक्षा जाड निघालं. प्रयोग उत्तम होता. पण ‘समृद्ध’ पिंजरा हा खऱ्या उंदराच्या खऱ्या आयुष्याच्या जरा जवळ जाणारा, आणि दुसरा पिंजरा म्हणजे एकांतवास. त्यावरून निघतो तो निष्कर्ष असा, की वंचना वाईट. चारचौघांसारख्या घरात, माणसांत आणि भांड्याकुंड्यांत वाढणाऱ्या मुलाला महागड्या ट्रेनं जास्तीची बुद्धी येते, असं त्यातून निघत नाही. याच भीतीवर काही वर्षांपूर्वी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग आपल्याकडे फोफावले. डोळे बांधून वाचणारी मुलं दाखवायची आणि हजारो रुपये घ्यायचे. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा उघड केलं आहे. त्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट मला ही वाटते, की आई-बाबांना खूश करण्यासाठी मूल खोटं बोलायला शिकत होतं.

आपल्याकडे याच्या उलट परंपरा आहे आणि ती अभिमानानं सांगावी अशी आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरींची आखीव साधनं गावाला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, पानं, बिया अशी आसपास मिळणारी साधनं त्यांनी वर्गात आणली.

“अन्नाशी खेळू नये” हा घरातल्या आजीचा आक्षेप रास्त आहे. धुऊन वाळवलेली वाळू, चाळलेली माती, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, शिरगोळ्याची रांगोळी, धुतलेले खडे, यांनी काम भागतं. रांगोळीची आणि भुशाची धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नये, ती थोडी ओलसर करून द्यावी. कणीक मळताना मुलालाही गोळा करू द्यावा, त्याला आधी थोडं कोरडं पीठ मिळावं आणि पाणी त्यानंच घालावं. पण कच्चं पीठ चाटू देऊ नये, त्यात जंतू असू शकतात, आणि नंतर हात धुवावेत. सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला कुस्करलेलं केळं किंवा घट्ट दही पुरेसं आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांपुढे हरभरे, वाटाणे, शेंगदाणे, मणी ठेवू नयेत. ते घशात अडकतात, आणि नाकात गेलेला हरभरा ओल लागून फुगतो. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नयेत, गिळले तर ते आतड्यात फुगून वाट अडवतात. आणि हा घरचा खेळ आहे, उपचार नव्हे. मूल स्पर्शाला सतत घाबरत असेल, बोलणं किंवा चालणं मागे पडलं असेल, तर परातीवर विसंबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं की एक वरची पायरी करून बघण्यासारखी आहे. तीन ताटल्यांत वाळू, रवा आणि मैदा घ्या. मुलाला डोळे मिटायला सांगा आणि हातात स्टीलचा चमचा द्या. चमच्याचं टोक ताटलीत फिरवून कोणती कुठली ते सांगायचं, बोट लावायचं नाही. बहुतेकदा जमतं. चमच्याच्या दांड्यातून थरथर वर चढते आणि पचिनीच्या कणिका ती टिपतात, पण मेंदूला खरखर जाणवते ती बोटात नव्हे, चमच्याच्या टोकाशी. शिरा करताना रवा भाजला गेला हे उलथन्याला ‘हलका लागतो’ यावरून ओळखणाऱ्या सगळ्या बायका आणि पुरुष दररोज हीच यंत्रणा वापरतात.