आगगाडीच्या सोंगट्या (बोर्ड गेम)

बोर्ड गेमच्या पटावर लोहमार्ग कोणाच्या ताब्यात आहे, किंवा कोणती रेल्वे कंपनी कुठवर पोहोचली आहे, हे दाखवण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या डब्यांच्या व इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती. बहुतेक सोंगट्या साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या असतात. हौशी खेळाडू धातूच्या आणि त्रिमितीय मुद्रकावर (थ्री-डी प्रिंटरवर) छापलेल्याही वापरतात.

रेल्वेच्या प्रत्येक खेळाला अशी सोंगटी लागतेच असे नाही. ‘एज ऑफ स्टीम’ (२००२) या खेळात मार्गाची मालकी साध्या लाकडी चकत्यांनी दाखवतात आणि त्यात काही उणे वाटत नाही. ‘शिकागो एक्सप्रेस’ या खेळातले लाकडी इंजिन खेळाडूचे नसून कंपनीचे असते, कारण एकाच कंपनीचे समभाग (शेअर) अनेकांकडे असू शकतात. या सोंगट्या घरोघर पोहोचल्या त्या मात्र ॲलन मून यांनी रचलेल्या ‘टिकट टू राइड’मुळे. २००४ साली आलेल्या या खेळाला त्याच वर्षी जर्मनीचा ‘श्पील डेस यारेस’ पुरस्कार मिळाला. त्यात प्रत्येक खेळाडूला एकाच रंगाचे ४५ डबे मिळतात. कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की शेवटची फेरी सुरू होते. म्हणजे डबा ही मालकीची खूण तर आहेच, शिवाय खेळाचे घड्याळही तोच आहे. एक डबा हरवला तर त्या खेळाडूचे डबे लवकर संपतात. पेटीत प्रत्येक रंगाचे तीन जादा डबे देतात ते त्यासाठीच.

नव्या सोंगट्या निवडताना देखणेपणाआधी माप पाहावे. डबा पटावरच्या चौकटीत बसला पाहिजे, आणि दोन शहरांमध्ये जोडमार्ग असेल तिथे शेजारच्या रांगेला धक्का न लावता बसला पाहिजे. धातूचा डबा हातात छान भरतो, पण त्याच्या कडा पटावर ओरखडे पाडतात; तळाला पातळ फेल्ट लावल्यास हे टळते. रंगांची निवड त्याहून महत्त्वाची. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांची संख्या, विशेषतः पुरुषांत, बरीच असते. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या डब्यांचा आकारच वेगळा ठेवणे हा उत्तम उपाय. ‘टिकट टू राइड’च्या दशकपूर्ती आवृत्तीत (२०१४) पाचही रंगांना वेगवेगळ्या घडणीचे डबे दिले होते. खरे तर प्रत्येक आवृत्तीत तसेच असायला हवे.

रंगकाम करायचे तर आधी डबे कोमट साबणपाण्याने धुवावेत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य राहिले, तर रंगाचे पापुद्रे निघतात. मग प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या लेपाचा) पातळ हात, त्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि शेवटी मॅट वॉर्निश. खाचांत पातळ गडद रंग सोडून उठावांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला, की खिडक्या आणि चाके उठून दिसतात. ही नक्षी कितीही आवडली तरी डब्याचा मूळ रंग झाकला जाऊ नये: टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्याला डबा कोणाचा हे एका नजरेत कळलेच पाहिजे. गंजाचा भास देणारा तपकिरी रंग सगळ्यांच डब्यांवर सढळ हाताने मारला, तर पाच रंगांचे दोनच उरतात. थिनर आणि ॲसिटोन दूर ठेवावेत. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही प्लॅस्टिके त्यात विरघळतात. त्रिमितीय मुद्रकावर रेझिनपासून छापलेल्या डब्यांना अतिनील प्रकाशात पूर्ण पक्के होऊ द्यावे आणि तोवर हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

वाकलेला प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा व लगेच गार पाण्यात बुडवावा. रंगवलेल्या डब्यावर हा प्रयोग करू नये. लाकडी सोंगट्या भिजवू नयेत, ओलसर फडक्याने पुसणे पुरे. रंग उडू नये म्हणून पेटी उन्हात ठेवू नये. मऊ विनाइलच्या पिशव्यांतील द्रव्य काही प्लॅस्टिकांना चिकट करते, त्यामुळे दीर्घकाळ ठेवायला पॉलिथिनच्या पिशव्या किंवा कप्प्यांचे डबे बरे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती या सोंगट्या पडू देऊ नयेत. त्या घशात अडकू शकतात. डाव संपल्यावर रंगवार मोजून ठेवल्यास हरवलेला डबा टेबलाखालीच सापडतो.