'शिट्'चं गोत्र

नातीच्या हातून मोबाइल निसटतो, ती "ओह शिट्!" म्हणते आणि शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आजीच्या कपाळावर आठीही पडत नाही. तोच शब्द मराठीत निघाला असता, तर पाठीत धपाटा बसला असता. परक्या भाषेतला अपशब्द अंगाला तितका लागत नाही. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर प्रयोग केला. मन हललं की घाम सुटतो; त्या घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते, हे मोजलं. निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेली दटावणी मातृभाषेत कानावर पडली, की आकडा जास्त चढायचा.

आता या शब्दाच्या जन्माची कथा. जहाजातून सुकं शेणखत नेत, ते भिजलं की मिथेन साठे, कंदील घेऊन कुणी खाली उतरलं की भडका! म्हणून पोत्यांवर 'शिप हाय इन ट्रान्झिट', म्हणजे 'उंचावर ठेवा', असं लिहीत आणि त्याच्या आद्याक्षरांतून शब्द झाला, म्हणे. गोष्ट झकास, पण थाप आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली; हा शब्द त्याहून कितीतरी जुना. जुन्या इंग्रजीत 'स्किटे' म्हणजे हगवण. (आपल्याकडेही 'हगवण' डॉक्टरांसमोर चालते, तिचं क्रियापद मात्र चारचौघांत काढता येत नाही.) चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने भ्रष्ट पाद्र्यांवर ताशेरा ओढताना हाच शब्द वापरला: मेंढ्या स्वच्छ आणि मेंढपाळच बरबटलेला.

त्याआधीचा माग ध्वनिबदलांवरून लागतो. जर्मनमध्ये 'शाइसे', आइसलँडिकमध्ये 'स्कीतुर'. मूळचा 'स्क' इंग्रजीत 'श' झाला. म्हणून अस्सल इंग्रजी 'शर्ट' आणि उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलेला 'स्कर्ट' हे एकाच शब्दाचे दोन अवतार. शेवटच्या 'ट'चा उलगडा जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमात आहे: आपल्याकडे जिथे 'द', तिथे इंग्रजीत 'ट'. दोन–टू, दहा–टेन. आता 'शिट्'मधला 'ट' मागे 'द' करा, 'श' मागे 'स्क' करा. हाती येतो इंग्रजी, संस्कृत अशा भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेतला 'स्किद्', अर्थ 'कापणे, वेगळं करणे'. शरीरातून वेगळं पडतं ते, इतका साधा हिशोब.

संस्कृतात या 'स्क'चा 'छ' झाला आणि 'छिद्' धातू आला. ग्रीकमध्ये त्याच कुळातून 'दुभंगणे' या अर्थाचं क्रियापद आलं, ते 'स्किझोफ्रेनिया'त दिसतं. लॅटिनमधलं 'जाणणे' या अर्थाचं क्रियापदही बहुधा याच घरचं, कारण जाणायचं म्हणजे एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढायची. त्यातून 'सायन्स' निघालं.

म्हणजे नातीच्या 'शिट्'चा मराठी भाऊबंद धपाटा खाणाऱ्या शब्दांत नाहीच. तो तिच्या गणिताच्या वहीत, प्रत्येक अपूर्णांकात अंशाच्या खाली बसलाय: छेद.