म्युरल लावायच्या आधी भिंतीला रंग कधी दिला ते बघा

म्युरल म्हणजे अख्ख्या भिंतीवर लावायचं छापील स्टिकर. फोनवर सारखी एकच तक्रार येते म्हणून ही माहिती छापून म्युरलच्या रोलसोबत द्यायला लागलोय. "तुमचं स्टिकर काढलं तर भिंतीचा रंगच सोलून आला की, तुम्ही तर म्हणाला होता सहज निघतं." निघतं की. पण रंग देऊन किती दिवस झाले होते असं विचारलं की तिकडचा आवाज जरा खाली येतो, "झाले असतील सात-आठ दिवस, वास्तुशांत होती ना."

सगळा घोळ तिथंच आहे. पेंटर सांगतो सकाळी हात मारला की संध्याकाळी वाळला, आणि तो खोटं बोलत नाही, बोटाला रंग लागत नाही म्हणजे वरून वाळलाच. पण पापड वरून कडक लागला तरी आत ओल असते तसंच आहे हे, आतलं पाणी उडून जाऊन रंग भिंतीला पक्का धरायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याच्यापेक्षा जास्तच. त्याच्या आधी अख्ख्या भिंतीवर स्टिकर चिकटवलं म्हणजे ओल बाहेर पडायची वाटच बंद. मग फुगे येतात, कडा सुटतात, नाहीतर काढताना गोंदाबरोबर रंगाचे पापुद्रे येतात, कधीकधी पुट्टीसकट.

दिवाळीला म्युरल पाहिजे असेल तर दसऱ्याला रंग देऊन जमत नाही, मध्ये वीसच दिवस असतात. गणपती उठले की रंगकाम काढा. पितृपंधरवड्यात कुणी काम काढत नाही त्यामुळं पेंटर पण जरा मोकळे सापडतात, आणि सर्वपित्रीपर्यंत उरकलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण महिना मिळतो.

ऑर्डर घेताना आम्ही रंगाची तारीख आणि भिंतीचा फोटो मागतो त्याचा काहींना राग येतो, पैसे देतोय तर एवढी चौकशी कशाला म्हणतात. दुसरीकडं विचारत नसतील, पण म्युरल तुमच्याच भिंतीच्या मापानं छापलेलं असतं, परत घेऊन मी ते विकणार कुणाला? म्हणून छापायच्या आधीच विचारून घेतो.

रोलमध्ये तळहाताएवढा एक तुकडा वेगळा असतो. तो पोरांना खेळायला देऊ नका, टेस्टसाठी आहे तो. दरवाजामागं कुठंतरी खाली चिकटवा, दोन दिवस ठेवा आणि सावकाश काढा. मागं रंग आला किंवा तुकडा आपोआपच सुटला तर मोठा रोल उघडायचाच नाही, आधी फोन करा. भिंतीवर बोट घासून पांढरी पावडर लागत असेल तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, त्यावर धरणार नाही, प्रायमर आणि प्लॅस्टिक पेंट मारून घ्या आणि परत तेवढेच आठवडे थांबा. डाग पुसून निघतात त्या महागड्या रंगांवर पण कधीकधी पकड कमी बसते, म्हणूनच टेस्ट करा म्हणतो.

सांगलीत नदीकडं राहणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो. २०१९ ला नाहीतर २०२१ ला घरात पाणी आलं असेल आणि भिंतीला खाली लोणा (ओलीमुळं येणारा पांढरा खार) धरला असेल, तर वरून कितीही चकाचक रंग दिलेला असू दे, गोंद धरत नाही. तिथं मी ऑर्डरच घेत नाही. वरचा भाग कोरडा असेल तर तेवढ्याच मापाचं डिझाइन करून देतो, खाली लाकडी पट्टी मारली की दिसायला पण चांगलं दिसतं. बाथरूमच्या पाठीमागची भिंत पण आधी बघूनच घ्या.

बाकी लावायचं काम दोन माणसांचं आहे, अवघड नाही. भिंत ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, फॅन बंद करा. मागच्या नंबरप्रमाणं सगळी पॅनेल (म्युरलचे तुकडे) आधी जमिनीवर मांडून बघा. पहिलं पॅनेल कोपरा धरून लावू नका, आपल्याकडं एकाही घराचा कोपरा सरळ नसतो, वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) खाली सोडून त्याच्या दोरीप्रमाणं पेन्सिलची रेघ मारा आणि त्या रेघेवर लावा. मागचा कागद एकदम सगळा काढायचा नाही, वरचा अर्धा फूट काढून चिकटवा, मग एकानं खालून कागद ओढत जायचं आणि दुसऱ्यानं दाबायची पट्टी मधून कडेला फिरवत खाली यायचं. फुगा राहिला तर तेवढा भाग उचलून परत बसवा. स्विचबोर्डजवळ कटर लावायच्या आधी मेन स्विच बंद.

काढताना वरच्या कोपऱ्यातून, हेअर ड्रायरची हलकी गरम हवा देत, भिंतीला लागूनच खाली ओढत या. सरळ आपल्याकडं खेचू नका.

डिझाइनमध्ये कासच्या फुलांचं घेतलं तर जोड सहसा दिसत नाही, नुसतं आकाश असलेल्या चित्रात लगेच दिसतो. तरी आकाशच पाहिजे असेल तर फिटिंगला आमचा माणूस घ्या, सांगली, मिरज, कुपवाडला पाठवतो, चार्ज वेगळा. छाटलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका, पुढं कधी खुर्ची घासून कुठं फाटलं तर त्यातलाच तुकडा बसतो, नवीन छापून दिला तर शेडमध्ये थोडा फरक पडतो.