मुंबईचं सांडपाणी, पावसाचं पाणी आणि हॉटेलांचं तेल

मुंबईत घरातलं सांडपाणी एका वाहिनीतून जातं आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी दुसरीतून. महापालिकेत दोघांची खातीही वेगळी: मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिन्या. निदान कागदावर तरी. ही विभागणी कशी झाली ते समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

शहरात नळ आधी आले, गटारं नंतर. १८६० मध्ये विहारचं पाणी मिळू लागलं, १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. तोवर टोपलीचे संडास होते आणि मैला डोक्यावरून वाहिला जाई. या कामासाठी घेतला जाणारा 'हलालखोर कर' १८८८ च्या महापालिका कायद्यातही त्याच नावाने आला. नळ आल्यावर मोरीतून वाहणारं पाणी वाढलं, पण ते जायचं कुठे? भायखळा, कामाठीपुरा हा भराव घातलेला सखल भाग भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. तिथल्या उघड्या नाल्यांचं पाणी वरळीच्या बाजूला समुद्रात सोडायचं तर ओहोटीची वाट पाहावी लागे. म्हणून मैलापाणी बंद वाहिन्यांतून वरळीतल्या लव्ह ग्रोव्हला नेऊन पंपाने समुद्रात टाकायची योजना झाली. वाहिन्या सगळीकडे पोहोचायच्या आतच १८९६ मध्ये प्लेग आला आणि सरकारला जाग आली. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, तो त्याच धास्तीतून.

पावसाच्या वाहिन्यांचा हिशेब निराळा होता. तासाला २५ मिलिमीटर पाऊस, त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरणार आणि समुद्राला ओहोटी असणार, असं धरून त्या बांधल्या. मैदानं, वाड्या, तळी असताना ते ठीक होतं. पुढे सिमेंटखाली जमीन गेली, मुरणं संपलं. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पावसाची तयारी ठेवायला आणि समुद्राच्या तोंडाशी पंप बसवायला सांगितलं. अहवाल बारा वर्षं जवळपास पडूनच राहिला म्हणायला हरकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे फायली हलल्या. पुराची कारणं शोधायला माधवराव चितळे समिती नेमली गेली आणि हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पावसाचं पाणी पंपाने समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं उभी राहिली.

सांडपाण्याच्या दर्जाबाबत मात्र महाराष्ट्र पुढे होता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, आपला १९६९ चा. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्येच स्थापन झालं. तेल आणि ग्रीसची मर्यादा देशभरासाठी १९९३ मध्ये ठरली: सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम, नदी-तलावात सोडायचं तर १०.

हॉटेलच्या मोरीशी हा आकडा 'ग्रीस ट्रॅप'च्या रूपाने पोहोचतो. आत भिंती घालून कप्पे केलेली ही टाकी. पाणी आत येऊन संथ होतं, तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं पाणी पुढे जातं. वरचा थर वेळच्या वेळी काढला नाही तर टाकी असून नसल्यासारखीच. मग तेल पाइपात गार होऊन थिजतं, पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचे साबणासारखे पांढुरके, दगडासारखे गठ्ठे होतात आणि तुंबलेलं मैलापाणी मॅनहोलमधून रस्त्यावर येतं. लोक म्हणतात पावसामुळे गटार भरलं. भर डिसेंबरातही म्हणतात.

कढईतल्या तेलाला नियम लागला तो त्याच्याही नंतर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला मनाई केली. तळणीला दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना त्याची नोंदवही ठेवणं २०१९ पासून बंधनकारक झालं. जुनं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचं, हा त्यामागचा हेतू.

यात वडापावची गाडी कुठेच बसत नाही. तिला मोरी नाही, ग्रीस ट्रॅप नाही, ५० लिटरांचा खपही नाही. भांडी धुतलेली बादली रिकामी होते ती बहुधा फुटपाथकडेच्या जाळीत, आणि ती जाळी पर्जन्य जलवाहिनीची. मलनिःसारणाचं पाणी निदान प्रक्रिया केंद्राकडे जातं. या वाहिनीचं पाणी मुळात पावसाचं धरलेलं असल्यामुळे थेट नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात उतरतं.