टाइप चेकर, पायथनसाठीचा (एडिटरमधील जुळवणी)

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता त्यातील मूल्यांचे प्रकार (संख्या, मजकूर इत्यादी) एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासणारे साधन. कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये अक्षरांखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ बहुधा त्याचीच असते. कोणती चूक दाखवायची, कोणत्या फाइली वगळायच्या आणि किती कडक राहायचे हे प्रकल्पागणिक ठरवणे म्हणजे जुळवणी.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांच्या २००४च्या अखेरीच्या लेखनाकडे बोट दाखवतात. ऐच्छिक प्रकारांची कल्पना त्यांनी तेथे मांडली होती. दुसरा पक्ष संशोधक जेरेमी सीक व वालिद ताहा यांच्या २००६च्या ‘ग्रॅज्युअल टायपिंग’ (एकाच प्रोग्रॅममध्ये काही भागांना प्रकार द्यायचे, काहींना नाही) या सिद्धांताला अग्रमान देतो. पायथन ३.० (२००८) मध्ये फंक्शनला टिपा (अ‍ॅनोटेशन) जोडण्याची सोय आली, पण त्या टिपांचा अर्थ मुद्दामच मोकळा ठेवला गेला. म्हणून तिला उगम म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. युक्का लेहतोसालो यांनी केंब्रिजमधील संशोधनातून मायपाय हे प्रकार तपासणारे साधन घडवले. त्याची लेखनपद्धती सुरुवातीला वेगळी होती; २०१३च्या सुमारास व्हान रॉसम यांच्या आग्रहावरून ती पायथनच्याच टिपांवर आणली गेली. आजच्या रूढीचा लगतचा उगम येथे मानणे अधिक योग्य. ‘पेप ४८४’ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावाने ती प्रमाणित केली व पायथन ३.५ (२०१५) मध्ये ती भाषेत आली. टिपा असल्या तरी पायथन स्वतः प्रकारांची सक्ती करत नाही.

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये पायलान्स (२०२०) हे विस्तारक वापरतात. त्याच्या पोटात मायक्रोसॉफ्टचाच पायराइट (२०१९) हा टाइप चेकर असतो. तपासणीच्या पातळ्या चार : ऑफ, बेसिक, स्टँडर्ड, स्ट्रिक्ट. एडिटरच्या सेटिंगपेक्षा प्रकल्पातील पायराइटकॉन्फिग ही जेसन स्वरूपातील सेटिंगची फाइल वरचढ ठरते. त्यामुळे ती फाइल कोडसोबत ठेवली की हिंगणघाटच्या संगणकावर दिसणारी चूक अकोटच्या संगणकावरही दिसते. जुन्या कोडला सरसकट स्ट्रिक्ट लावल्यास चुकांचा पाऊस पडतो आणि लोक तपासणीच बंद करून टाकतात. सगळ्याला बेसिक आणि निवडक फोल्डरांना स्ट्रिक्ट हा क्रम बरा. कमी रॅमच्या लॅपटॉपवर फक्त उघड्या फाइली तपासण्याची सोय असते.

विदर्भातील जिनिंगच्या हिशेबात या साधनाची मर्यादा स्पष्ट दिसते. कापूस क्विंटलमध्ये (१०० किलो) मोजला जातो. सरकी काढलेली रुई गाठींत (प्रत्येकी १७० किलो) बांधतात आणि सौदा खंडीवर (सुमारे ३५६ किलो) होतो. कोडमध्ये तिन्ही फ्लोटच, म्हणजे दशांश संख्येच्या प्रकाराचे. काट्याच्या पावतीवरचे क्विंटल गाठींच्या फंक्शनला दिले तर स्ट्रिक्ट पातळीवरही रेघ उमटत नाही, कारण तपासनीसाच्या लेखी प्रकार जुळलेला असतो. उपाय ‘न्यूटाइप’चा, म्हणजे जुन्या प्रकारापासून नवे नाव असलेला वेगळा प्रकार घडवण्याचा : क्विंटल, गाठ व खंडी हे फ्लोटपासून तीन वेगळे प्रकार घोषित केले की चुकीचे एकक फंक्शनला देताच हरकत येते. तरीही क्विंटल आणि गाठ यांची थेट बेरीज तपासनीस मुकाट चालू देतो व उत्तराला साधा फ्लोट समजतो. त्या बेरजेचा परिणाम पुन्हा क्विंटल मागणाऱ्या फंक्शनकडे गेला, तरच तो अडतो. शेतकऱ्याचे खाते शोधणारे फंक्शन खाते न सापडल्यास ‘नन’ (काहीच नाही, असे दर्शवणारे मूल्य) परत करत असेल, तर ती शक्यता न तपासता खात्याचे नाव मागणे ही चूक मात्र बेसिक पातळीवरच पकडली जाते. ऑफवर ती निसटते आणि ऐन हंगामात, काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना उघडी पडते.

चलांची नावे देवनागरीत लिहिण्यास पायथन ३ मध्ये अडचण नाही. ‘शेतकऱ्याचे’सारख्या नावात मात्र ‘ऱ्य’ कसे टंकले यावर बरेच अवलंबून असते : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरल्यास नाव चालते, साध्या ‘र’ला हलंत व अदृश्य जोडचिन्ह लावून तसाच आकार साधला तर पायथन ते नाकारतो. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. अंकांचे तसे नाही. ‘१२’ ही मजकूररूपातील देवनागरी संख्या मजकुराचा पूर्णांक करणारा ‘इंट’ निमूट बारा म्हणून स्वीकारतो.