व्हिसा स्टॅम्प आणि स्टेटस: जॉब गेला तर नक्की कुठली तारीख बघायची?

अमेरिकेत एच-वन-बीवर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) असलेल्या कुणालाही विचारा, व्हिसा कधीपर्यंत आहे, तर बहुतेक जण पासपोर्टवरच्या स्टॅम्पची तारीख सांगतात. अहो ती राहायची तारीख नाहीच! स्टॅम्प कॉन्सुलेट देतं, आणि तो फक्त दारात येऊन एन्ट्री मागण्यापुरता. किती दिवस राहायचं ते आय-९४ वर, म्हणजे एन्ट्रीच्या सरकारी नोंदीवर असतं, आणि स्टेटस टिकतं ते ज्या कंपनीने पिटिशन (सरकारकडे तुमच्यासाठीचा अर्ज) केलंय तिथे काम चालू आहे तोपर्यंत. म्हणून स्टॅम्प संपलाय पण एक्स्टेन्शन झालंय असा माणूस बिनधास्त नोकरी करू शकतो, भारतात जाऊन आला तर मात्र नवीन स्टॅम्पिंग लागणार.

उलटी केस जास्त वाईट. स्टॅम्प दोन वर्षं बाकी, आय-९४ पण बाकी, आणि ले-ऑफ झाला. मग या दोन्ही तारखा धरून बसून चालत नाही, २०१७ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. सहसा शेवटचा पगार ज्या दिवसापर्यंतचा आहे तिथून मोजतात, त्यामुळे सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना मिळणारे पैसे) चांगला मिळालाय म्हणून वेळ आहे असं कृपा करून समजू नका. एच-फोरवरची, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावरची, बायको किंवा नवरा, मुलं, सगळ्यांचं स्टेटस त्याच एका नोकरीवर.

या ६० दिवसांत दुसऱ्या कंपनीने पिटिशन फाइल केलं की कामाला लागता येतं, एकदा कॅपमध्ये (एच-वन-बीच्या वार्षिक मर्यादेत) मोजले गेला असाल तर परत लॉटरी नाही. नाहीतर बी-टू, म्हणजे टुरिस्ट स्टेटससाठी अर्ज करून थोडा वेळ मिळवतात, पण त्यावर काम करता येत नाही.

आणि "माझं आय-१४० झालंय, मी सेफ आहे" हेही खूप ऐकते मी. आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेलं पिटिशन. अप्रूव्ह होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) राहते, एच-वन-बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढचं एक्स्टेन्शनही त्यावर मिळतं, हे खरंच मोठं आहे. पण नुसत्या आय-१४० वर इथे राहता येत नाही, एक्स्टेन्शन मागायलाही कुणीतरी एम्प्लॉयर लागतोच. बऱ्याच कंपन्या आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिसची कॉपी हातात देत नाहीत, निदान रिसीट नंबर तरी नोकरी चालू असतानाच मागून ठेवा.